माळ्यावरचे पाटीभर कांदे

पणदऱ्याच्या आमच्या घराला खाली स्लॅब आहे आणि वर एक पत्र्याची खोली. ती खोली माझी. लग्न होऊन निरवांगीहून आले तेव्हा सोबत शिलाई मशीन आणलं होतं. वर्षभर ते खाली ओसरीवर, सासऱ्यांच्या खाटेशेजारी होतं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांच्याकडे दिवसभर माणसांची ये-जा. ऊसतोडीपासून गावच्या निवडणुकीपर्यंत सगळ्या गप्पा तिथंच. तिथं कुठली बाई ब्लाउजचं माप द्यायला येणार? वरची खोली झाली, मशीन वर गेलं, तेव्हा कुठं बायका येऊ लागल्या. या घरात माझं म्हणावं असं तेवढंच आहे.

वरच्या खोलीतल्या पहिल्याच हिवाळ्यात मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतला. साखर कारखाना सुरू झाला की आमच्याकडे काजळी पडते. काळी, हलकी, बोट लावलं की पसरणारी. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून ती आत आली आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या ब्लाउजवर बसली. मी जिन्यात बसून रडले. मामांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी गवंडी हजर. सगळ्या फटी सिमेंटनं लिंपल्या, पत्र्याखाली प्लायवूडचा माळा ठोकला, वर डोकावायला कोपऱ्यात एक झाकण ठेवलं.

"आता बग, काजळीच काय, मुंगीबी शिरायची न्हाय," मामा म्हणाले. इतक्या प्रेमानं मला कधी कोणी कोंडलं नव्हतं.

उन्हाळा लागला तेव्हा कळलं. पत्रा आणि माळा यांच्यामधल्या हवेला जायला वाटच उरली नव्हती. ती सकाळपासून तापत राहायची आणि दुपारी प्लायवूडमधून माझ्या डोक्यावर उतरायची. पंखा लावला तर तीच हवा आणखी जोरात अंगावर. खिडकी रस्त्याकडे, त्यामुळं बाई माप द्यायला उभी राहिली की ती बंद. घाम कापडावर पडू नये म्हणून मी गळ्यात पंचा अडकवून शिवायचे. एकदा मी माप घेत असताना समोरची बाई मटकन खाली बसली. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि हात जोडून म्हटलं, खाली कुणाला सांगू नका.

कारण घरात हे सांगण्याची सोयच नव्हती. एकदाच बोलून बसले होते, वर जरा उकडतंय म्हणून.

"मग मशीन खाली आण की," मामा लगेच म्हणाले. "वसरीवर गारवा हाय."

"व्हय, मलाबी सोबत हुईल," सासूबाईंनी री ओढली.

त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. उकाड्याचं बोलावं तर खोली जाणार, न बोलावं तर जीव. नवरा दूध घालून येतो आणि रानात जातो. दुपारची खोली त्यानं कधी बघितलेलीच नाही. असे दोन उन्हाळे काढले.

आणि राग कशाचा यायचा सांगू? मागच्या अंगणात मामांची कांदाचाळ आहे. खाली बांबूच्या फटी, दोन्ही बाजूंना पट्ट्या, वर छपराचं पाखं उचललेलं. कुणी पाहुणा आला की मामा त्याला तिथं घेऊन जात. "खालनं वारा शिराय पायजे, वरनं गरम हवा जाय पायजे. कांदा जित्ता असतोय. त्येला कोंडून चालत न्हाय." मी वर घामानं ओलीचिंब बसून हे ऐकायचे.

तिसऱ्या वर्षी कांदा दणकून आला. चाळ भरली आणि बियाण्यासाठी निवडून ठेवलेल्या कांद्यांना जागा उरली नाही. ते कांदे मामांनी एकेक हातात घेऊन निवडलेले, त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. मी अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "मामा, माझ्या माळ्यावर ठिवा की. तितं उंदीर न्हाय येत."

भर दुपारी मामा शिडी चढले. मी खाली शिडी धरून उभी. झाकण सारून त्यांनी डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"आगं, हितं कांदा शिजंल की!"

मग मी? जिभेवर आलेलं मी गिळलं. म्हणाले, "चाळीवानी वारा काढला तर?"

मी दोन वर्षं जे मागू शकले नाही, ते कांद्यांना दोन दिवसांत मिळालं. लिंपलेल्या फटी फोडून गवंड्यानं तिथं तारेची जाळी बसवली. दोन्ही टोकांच्या भिंतींना पत्र्याच्या शेंड्याशी सिमेंटच्या जाळ्या लावल्या. खालून वारा आत, वरून गरम हवा बाहेर. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सलग तीन ब्लाउज शिवले. डोकं दुखलं नाही. बरं वाटलं आणि अपमानही वाटला, दोन्ही एकदमच. मामा रोज चढून कांदे चाचपायचे आणि खुशीत म्हणायचे, "आता कसा वारा खेळतुया!"

दिवाळीनंतर ते कांदे लावणीला रानात गेले. शेवटची पाटी मामांनी स्वतः उतरवली. कारखान्याचं धुराडं सुरू झालं आणि एका सकाळी गवंडी सिमेंट घेऊन दारात उभा राहिला.

"बुजवून टाकू," मामा म्हणाले. "काजळी यील, तुजी कापडं खराब हुतील."

"नगा बुजवू, मामा. वर अजून कांदं हायती."

मामांनी माझ्याकडं बघितलं. माळा रिकामा आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग गवंड्याकडं वळले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "कांदा हाय वर."

गवंडी गेल्यावर मी स्वयंपाकघरातले पाटीभर कांदे घेतले आणि शिडी चढले. तेव्हापासून वर एक पाटी कायम असते. काजळी पडते ती त्यांच्यावर. मोड आले की मी कांदे बदलते. मामा कधी विचारतात, "कांदा बरा हाय न्हवं?" मी म्हणते, बरा हाय. वारा मला लागतो, हे आमच्या घरात अजून कुणीच बोललेलं नाही.