रुक्मिणताईंची अकरा गावं

रुक्मिणताई गेल्याचं कळलं तेव्हा मी माहेरी, परभणीला होते. आमरसासाठी आंबे पिळत बसले होते. दोन्ही हात रसानं भरलेले, म्हणून भाचीनं फोन माझ्या कानाला लावून धरला. पलीकडे आमच्या तालुक्यातल्याच एका गावातली अंगणवाडी सेविका संगीता होती. "मॅडम, रुक्मिणताई गेल्या... तळ्यावरच गेल्या." भर दुपारच्या उन्हात एका शेततळ्याच्या बांधावर त्या बसलेल्या दिसल्या. शेळ्या चारणाऱ्या बाईला आधी वाटलं, दमून बसल्या असतील. जवळ जाऊन हाक मारली तेव्हा तिच्या लक्षात आलं. गाडी लगेच मिळाली, कळमनुरीला नेलं, पण उपयोग नव्हता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे सगळं ऐकून घेतल्यावर माझ्या तोंडून एकच प्रश्न निघाला, "कोणत्या तळ्यावर?" संगीता म्हणाली, "तुमच्याच गावच्या, मॅडम."

त्याला आता पाच आठवडे झाले. शाळा उघडली. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर काही लिहा, असं मला सांगण्यात आलं, कारण त्यांच्याबरोबर मी सहा वर्षं काम केलं. मी हो म्हटलं आणि घरी येऊन घाबरले. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागणार होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कळमनुरी तालुक्यातल्या या गावात बदली होऊन आले, त्याच आठवड्यात रुक्मिणताई वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगावर सेविकेची साडी, पायात पुरुषी सँडल, हातात कापडी पिशवी. शेजारच्या गावात त्या अंगणवाडी चालवायच्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. वर्गभर नजर फिरवून म्हणाल्या, "मॅडम, हे कपाट भिताडाला ठोकून घ्या. जमीन हालली की लेकराच्या अंगावर येईल." आमच्या भागात अधूनमधून जमिनीतून घुमल्यासारखा आवाज येतो, मांडणीवरची भांडी वाजतात, लोक बाहेर येतात आणि परत आत जातात. मी नवीन होते. मला वाटलं, बाई जरा विचित्रच दिसतात. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः हातोडा आणि लोखंडी पट्ट्या घेऊन आल्या.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं, तेही एकदाच. त्यांच्या अंगणवाडीतल्या तीन वर्षांच्या एका लेकरानं घरी थंड पेयाच्या बाटलीत ठेवलेलं फवारणीचं औषध पिलं. आई त्याला घेऊन सगळ्यांत आधी ताईंकडे धावत आली. ताईंनी ऐकलेलं होतं त्याप्रमाणे मिठाचं पाणी पाजून उलटी करवली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उलटी करवायला नको होती, तशीच बाटली घेऊन सरळ इकडं यायचं होतं. लेकरू वाचलं नाही. त्या आईनं ताईंना कधी बोल लावला नाही. उलट, ताईंनी लई केलं, असंच ती सगळ्यांना सांगायची. "तेच लई लागतं हो," ताई म्हणाल्या. "तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी घरी बसले असते."

त्या घरी बसल्या नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या दाराशी बसून राहायच्या आणि एकेक गोष्ट विचारून वहीत उतरवायच्या. साप चावला तर काय करायचं, काय करायचं नाही. हळद शिजवायच्या दिवसांत भाजलेलं पोरगं आलं तर त्याच्यावर किती वेळ गार पाणी ओतायचं. मग त्या गावोगाव निघाल्या. पहिलं वर्ष त्यांचं स्वतःचं गाव, मग शेजारची दोन, आणि मी आले तोवर अकरा गावं झाली होती. प्रत्येक गावात त्यांनी दोन बाया धरल्या होत्या. कुठं सेविका, कुठं शिक्षिका, कुठं नुसतीच एखादी चटपटीत सून. कोणत्या गावात कुणाची जीप कधीही निघू शकते, कुणाच्या गच्चीवर फोनला रेंज मिळते, हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि तेच त्यांनी गेरूनं शाळांच्या भिंतींवर लिहून ठेवलं होतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही सगळ्यांनी आपापल्या गावातल्या उघड्या विहिरी, लोंबकळणाऱ्या तारा, शेततळी पाहून यायची आणि मोबाईलवरच्या आमच्या ग्रुपवर कळवायचं, असा नेम होता.

लोक त्यांना हसायचे. पत्र्याच्या घरांवर वाऱ्यासाठी दगड ठेवायची पद्धत आहे. जमीन हलली तर तेच दगड खाली झोपलेल्या लेकरांवर पडतील, म्हणून ताई दारोदार दगड उतरवायला सांगत फिरल्या. एक आजोबा खाटेवरून उठलेच नाहीत. "वावधन आल्यावर पत्रे तू धरून बसणार हाईस का?" ताई म्हणाल्या, "व्हय बाबा, बसते. पण आधी दगड उतरवा." पुढच्या आठवड्यात त्या हुक आणि नटबोल्ट घेऊन आल्या आणि त्यांच्यासमोर एका मिस्त्रीकडून पत्रे आवळून घेतले. आजोबांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. त्या दिवशी परतताना ताई स्कूटीवर पुढं बसून स्वतःशीच हसत होत्या. मला त्या कायम तशाच आठवायला हव्या होत्या...

पण त्यांच्या सगळ्या कामात त्यांचा जीव अडकला होता तो शेततळ्यांमध्ये. तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका गुळगुळीत होतो की मोठा माणूससुद्धा आत गेला तर बाहेर येऊ शकत नाही. ताईंनी साधा उपाय काढला. काठावर लोखंडी खुंटी, तिला नायलॉनची जाड दोरी, हातभर अंतरावर गाठी आणि टोकाला रिकामा डबा. पोरांना त्या मैदानात शिकवायच्या. कुणी पडलं तर आपण उडी मारायची न्हाई. ओरडायचं. दोरी फेकायची. एक पोरगं पडल्याचं सोंग करायचं, बाकीची ओरडायची, आणि ताई सगळ्यांत जोरात ओरडायच्या. माझ्या गावात अशी तीन तळी होती. ती पाहायचं काम माझं होतं.

पहिली दोन-तीन वर्षं मी इमानानं गेले. मग शाळेची ऑनलाईन कामं वाढली, सासूबाईंचं आजारपण आलं, उन्हाचा त्रास व्हायला लागला. ही कारणं खोटी नाहीत. पण एका शनिवारी मी तळ्यावर न जाताच लिहिलं, "बघितलं, ठीक आहे." काहीही झालं नाही. पुढच्या महिन्यात तेच लिहिणं सोपं गेलं. त्यानंतर मी एकदाही गेले नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला. शिजवलेली हळद खळ्यावर वाळत पडलेली. माझ्याकडच्या तीनपैकी एक तळं ज्या शेतकऱ्याचं होतं त्यानं घाईघाईत तळ्याची दोरी सोडली आणि हळदीवर ताडपत्री बांधली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पाऊस गेला, दोरी ताडपत्रीलाच राहिली. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी घरात बसून लिहिलं, "बघितलं, ठीक आहे."

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, सकाळची शाळा सुटल्यावर, माझ्या चौथीच्या वर्गातली आरती आणि तिची मैत्रीण पूजा त्या बाजूनं घरी निघाल्या. आरतीची चप्पल घसरून पाण्यात गेली आणि ती काढायला ती वाकली. पूजानं काय केलं, ते तिनं मला नंतर सांगितलं. रडत नव्हती, धडा म्हणून दाखवावा तसं सांगत होती. "मी उडी न्हाई मारली, मॅडम. मी ओरडले. मग मी दोरी हुडकली. खुंटी होती. मी चारी बाजूंनी पळाले, मॅडम, खुंटी होती, दोरी न्हवती." नऊ वर्षांच्या त्या मुलीचं काहीही चुकलं नव्हतं.

आरतीच्या घरासमोर माणसं जमली होती. ताई आल्या तसे तिचे वडील उठले. ओरडले नाहीत. "ताई, तुमीच सांगितलं होतं ना, दोरी हाय म्हणून? आमी त्या रस्त्यानं पोरीला जाऊ देत न्हवतो. दोरी हाय म्हणून भ्यायचं सोडलं आमी..." ताई हात जोडून उभ्या राहिल्या. "व्हय दादा. मीच सांगितलं होतं," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. पदर तोंडाला लावून रडत होते. एक पाऊल पुढं टाकून मी म्हणू शकले असते की दादा, यांची चूक नाही, माझी आहे. मी टाकलं नाही.

ते सांगायला मला जून उजाडला. शाळा उघडल्यावर एका दुपारी मी त्यांच्या अंगणवाडीत गेले. लेकरं खिचडी खाऊन घरी गेली होती आणि त्या ताटल्या घासत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ताटल्या विसळून पालथ्या घातल्या, हात पुसले. "मला माहीत हाय," म्हणाल्या. "दोरी मार्चात गेली आन् तुमचा मेसेज एप्रिलचा. मला काय हिशेब येत न्हाई का?"

मी विचारलं, "मग तुम्ही त्या दिवशी बोलला काहून नाही?"

"बोलून काय झालं असतं? लोकांनी तुमाला गावात ऱ्हाऊ दिलं नसतं. तुमी गेल्या असत्या, तुमच्या मागं बाकीच्याबी गेल्या असत्या. मंग उरलं असतं कोण?" मग त्या म्हणाल्या, "महिन्यातून एकदा मीच फिरायला पायजे होतं. मी तुमच्या लिवण्यावर इसंबले."

त्यांनी मला माफ केलं का? मला माहीत नाही. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. मात्र ज्यासाठी त्यांनी तोंड बंद ठेवलं, तेही मी त्यांना मिळू दिलं नाही. महिन्याभरातच मी ग्रुपमधून बाहेर पडले. घरचं कारण सांगितलं. हळूहळू बाकीच्याही गेल्या. काही गावांनी दोऱ्याच काढून टाकल्या. दोरी असली की पोरं जवळ जातात, असं आरतीनंतर लोक म्हणायला लागले. आपण बांधलेलं उलटं पडलं, असं त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं असावं. एकदा कळमनुरीच्या बाजारात भेटल्या. भाजी घेता घेता मधेच म्हणाल्या, "मॅडम, दोरीच नसती तर बाप भ्याला असता. पोरगी वाचली असती, न्हाई का?" भाजीवाली सुटे मागत होती. मी पर्स उघडून सुटे शोधायला लागले.

तरीही त्या फिरत राहिल्या, एकट्या. अकराही गावं. यंदा एप्रिलच्या शेवटी त्या माझ्या घरी आल्या. उन्हानं चेहरा काळवंडलेला, बोलताना धाप लागत होती. मी म्हटलं, ताई, एकदा छाती तपासून घ्या. त्यांनी ते ऐकलंच नाही. "सुट्टी लागली की पोरं मोकळी असतात. तुमच्या गावचं एक तरी तळं घ्या, मॅडम. एकच. आरतीचं."

मी म्हणाले, "सुट्टीत मी माहेरी जाते ना, ताई."

"बरं," त्या म्हणाल्या. पाणी पिलं आणि गेल्या. तीच शेवटची भेट.

परभणीहून आले ती सरळ त्यांच्या घरी गेले. त्यांचे यजमान दत्तराव काका शेती करतात. माणूस अबोल. दोन्ही मुलं पुण्याला, ती येऊन गेली होती. घरात काका एकटेच. मला पाहून ते आत चहा करायला गेले, आणि मी नको नको म्हणत मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या घरात मी इतक्यांदा गेले होते, पण बाहेरच्या खोलीच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आगपेटी पार वर, छताजवळच्या फळीवर. पाण्याच्या बादलीवर ताट आणि ताटावर वरवंटा. सुरी, विळी, औषधं, रॉकेलचा डबा, सगळं माणसानं हात उंच केल्याशिवाय मिळणार नाही असं. कुठल्याही क्षणी एखादं रांगतं लेकरू आत येणार आहे, अशा बेतानं लावलेलं घर. त्या घरातली लेकरं मोठी होऊन जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि नातवंडं फार तर दिवाळीला यायची.

काकांनी टाचा उंचावून आगपेटी काढली, गॅस पेटवला, आणि ती परत वर ठेवायला पुन्हा टाचा उंचावल्या. लांब दांडीचं भांडं शेगडीवर ठेवलं. मग ती दांडी धरून त्यांनी सावकाश भिंतीकडे फिरवली, बाहेरून लहान हात पोचणार नाही अशी.

मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "सवय लागली," ते म्हणाले. "तिनं दिवसातून धा वेळा हटकलं आसंल... आता कुणी हटकत न्हाई, तरी हात फिरतोच."

चहा उकळून वर आला. त्यांनी गॅस बारीक केला, आणि दांडी नीट भिंतीकडेच आहे ना, ते पुन्हा एकदा हात लावून पाहिलं.