पस्तीसवाल्या काकू

पस्तीसवाल्या काकूंनी कधी कुणाच्या तोंडावर फ्लॅश मारला नाही. पासपोर्टचा फोटो असो नाहीतर बारशाचा, त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "फ्लॅश म्हणजे दार न वाजवता कुणाच्या घरात घुसणं. आपल्याला नाही जमणार." गिऱ्हाईक कुरकुरलं की त्या खिडकीजवळचं स्टूल दाखवायच्या. "इथे बसा. नसेल पटत तर खाली झेरॉक्सवाला पण फोटो काढतो."

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. खरं तर त्यांच्या नवऱ्याचा. तो गेल्यावर दीर म्हणाला, "आता इथे मोबाइलचं दुकान काढू." काकूंनी तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी स्टुडिओचं कुलूप उघडलं आणि नवऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या. फोटोग्राफी त्यांना तेव्हा जेमतेम अर्धी येत होती. "उरलेली अर्धी गिऱ्हाइकांनी शिकवली," असं त्या सांगायच्या.

पस्तीस हे त्यांचं वय नव्हतं, लेन्स होती. पस्तीस मिलिमीटरची, झूम न होणारी, एक पॉइंट आठपर्यंत उघडणारी, म्हणजे कमी उजेडातही पुष्कळ प्रकाश आत घेणारी. ती त्यांच्या जुन्या, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं बसलेली होती. लग्नातले बाकीचे फोटोग्राफर त्यांची टर उडवायचे. "काकू, क्रॉप सेन्सर म्हणजे अर्धा कॅमेरा. फुल फ्रेम घ्या आता." काकू मान वर न करता म्हणायच्या, "मी अर्ध्या कॅमेऱ्यानं अख्खा माणूस काढते. तुमचं तुम्ही बघा."

मी कल्याणच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. भावानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला, तेव्हा माझी ओवी दोन वर्षांची होती आणि क्षणभर एका जागी ठरत नव्हती. घरात ट्यूबलाइटच्या उजेडात तिचे फोटो हललेले तरी यायचे, नाहीतर मळकट. आठवडाभर व्हिडिओ बघून मी पन्नासची लेन्स घ्यायचं ठरवलं आणि फक्त शिक्कामोर्तब करून घ्यायला काकूंकडे गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"घर केवढं आहे तुझं?"

"वन रूम किचन."

"मग पन्नास लावून फोटो काढायला शेजाऱ्यांकडे जाणारेस का?"

त्यांनी माझ्या कॅमेऱ्याच्या पोटातला सेन्सर दाखवला. "हा लहान आहे. लेन्स जे दाखवते, त्याच्या चारी कडा हा कापून टाकतो. म्हणून याच्यावर पन्नासची लेन्स पंचाहत्तरसारखी वागते. पोरीचं तोंड मिळेल तुला, पोर नाही मिळायची." मग कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी झूम लेन्स त्यांनी पन्नासवर आणली आणि तिच्या कड्यावर चिकटपट्टी गुंडाळली. "एक आठवडा असंच वापर. पुढच्या आठवड्यात पट्टी काढून पस्तीसवर लाव. उजेडाचं नंतर बघू, आधी अंतर कळू दे. मग ये."

पहिल्या आठवड्यात मी मागे सरकत सरकत दोनदा ओट्यावर आपटले, एकदा कुकर पाडला, आणि ओवीच्या अर्ध्या कपाळाचे फोटो घेऊन बसले. दुसऱ्या आठवड्यात ओवी, तिनं मांडलेल्या वाट्या आणि मागे मटार सोलणाऱ्या माझ्या सासूबाई, सगळं एका चौकटीत आलं. मी धावत स्टुडिओत गेले. "पस्तीसच! पण काकू, मग एक पॉइंट चारची घेऊ का? आणखी उजेड येईल."

"हातभर अंतरावरचं पळतं पोर आहे. तेवढी उघडलीस तर डोळा स्पष्ट येईल आणि कान धूसर. उजेड हवाय की मिरवायचंय?"

मी एक पॉइंट आठचीच घेतली. आणि रविवारी काकूंबरोबर लग्नाकार्यांचे फोटो काढायला जायला लागले.

खडवलीच्या एका घरी हळद होती. सकाळची वेळ, अंगणात मांडव, नवरीचं नाव मयूरी. वडील नव्हते, म्हणून सगळा कारभार तिच्या काकांकडे होता. काकूंनी चार फोटो काढले आणि विचारलं, "आई कुठाय हिची?" दोघीतिघी खाली बघून हळद कालवत राहिल्या. शेवटी एक बाई हळूच म्हणाली, "त्या आत बसल्यात. विधवा ना."

काकूंनी लेन्सवर झाकण लावलं. "आईला बोलवा. मग पुढचे फोटो."

मयूरीचे काका तडक उठून आले. "बाई, तुम्ही फोटो काढायला आलात. शहाणपण शिकवायला नाही."

"मीही विधवाच आहे," काकू म्हणाल्या. "माझा हात चालतो तुम्हाला, आणि तिचा नाही?"

मला वाटलं, आता आम्ही पिशवी उचलून निघणार. काकू निघाल्याही, पण घरात. मी मागोमाग गेले. आतल्या खोलीत तांदळाच्या कणग्यांमागे मयूरीची आई धुवट साडी नेसून भिंतीला टेकली होती. कौलांमधल्या एका काचेतून उजेडाची तिरीप येत होती, बाकी काळोख.

"काकू, इथे काही येणार नाही," मी कुजबुजले.

"येतं. पूर्ण उघडायची लेन्स आणि श्वास धरायचा." काकू तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "वहिनी, मी डोंबिवलीची. पोर तुमच्यावर गेलीय अगदी. नाव कुणी ठेवलं तिचं?"

"मीच," ती बाई म्हणाली आणि हसली. तेवढ्यात दारात सावली पडली. तोंडभर हळद माखलेली मयूरी पाटावरून उठून आली होती. बाहेरून हाका येत होत्या, "अगं, उठलीस कशी? बस खाली!" तिनं हातातली हळदीची वाटी आईपुढे धरली. "तू लाव. नाहीतर मी पुसते सगळी." आईचे हात वर येईनात. मयूरीनंच ते धरून आपल्या गालांवर ठेवले.

काकूंनी सहा फोटो काढले. बाहेर आल्यावर काकांनी सांगितलं की उद्या लग्नाला दुसरा फोटोग्राफर येईल. मी रिक्षात रडकुंडीला आले होते. काकू म्हणाल्या, "अगं, उद्याचं लग्न गेलं. जाऊ दे. फोटो आज होता." पुढे मयूरी सासरहून एकटी स्टुडिओत आली आणि त्या सहांतला एक मोठा करून घेऊन गेली. हळदीच्या बाकी फोटोंचं तिनं नावही काढलं नाही.

मग इमारत पुनर्विकासाला गेली आणि स्टुडिओ रिकामा करावा लागला. त्याच सुमारास काकूंच्या उजव्या हाताला कंप सुटला. मुलगी त्यांना ठाण्याला, घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये घेऊन गेली. मला वाटलं, संपलं आता. भेटायला गेले तर कॅमेरा टेबलावरच. "हात हलतो, डोळा नाही. लेन्स उघडी ठेवायची आणि शटर जोरात पळवायचं. थरथर पकडायला वेळच द्यायचा नाही."

त्या सोसायटीत घरकामाच्या बायकांना गळ्यात फोटोचं कार्ड घालावं लागे. फोटो वॉचमन काढायचा, मोबाइलवर, कचऱ्याच्या डब्यांशेजारच्या भिंतीला उभं करून. मुलीकडे काम करणाऱ्या संगीताचं कार्ड काकूंनी हातात घेतलं आणि त्या भडकल्या. "ही संगीता? ही तर चोरीत पकडल्यासारखी दिसतेय!" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेकीला वर बोलावलं. हॉलच्या खिडकीशी खुर्ची, समोर उजेड तोंडावर परतवायला पांढरी चादर धरून मी; शाळेला तेव्हा सुट्टीच होती. कुणी केस विंचरून यायची, कुणी साडी बदलून. काकू प्रत्येकीला गावाचं नाव विचारायच्या.

चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. "आजी, हा कमिटीचा विषय आहे. शिवाय या बायका रहिवाशांच्या लिफ्टनं येतायत, तक्रारी आल्यात. सर्व्हिस लिफ्ट आहे त्यांच्यासाठी."

"त्या इथे कामाला नाही, माझ्याकडे आल्यात. माझे पाहुणे त्याच लिफ्टनं येणार. तक्रार करणाऱ्यांना पाठवा, त्यांचेही काढते."

मुलगी अवघडली. "आई, मला इथे राहायचंय गं."

"मलाही," काकू म्हणाल्या आणि पुढचीला खुर्चीत बसवलं. आठवडाभरात सगळ्यांची कार्डं बदलली.

गेल्या थंडीत काकू गेल्या. सकाळी मी पोचले तेव्हा टॉवरच्या खाली त्या बायका जमल्या होत्या, हातातली कामं टाकून आलेल्या. वॉचमन सवयीनं म्हणाला, "सर्व्हिस लिफ्ट तिकडून." संगीतानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "काकूंकडे चाललोय," म्हणाली आणि समोरच्या लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं, एकेक करून सगळ्या आत शिरल्या, लिफ्ट भरली. सेक्रेटरी तिथेच उभे होते. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, आत पाहिलं आणि मागे सरले.

"व्हा तुम्ही पुढे," ते हळू आवाजात म्हणाले.

दार बंद झालं. ते आणि मी पुढच्या लिफ्टची वाट बघत उभे राहिलो.