बहिणीच्या सासऱ्याची जीप

धाकट्या भावाची कारखान्यातली नोकरी सुटली आणि त्याच्या डोक्यात जीप शिरली. किन्हवली ते शहापूर माणसं वाहायची, दिवसाला चार फेऱ्या, बस झालं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा भातसानगरला धरणाच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त करायचो. त्यामुळे जुनी गाडी बघायची म्हटली की जो तो मला ओढून न्यायचा, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं. खोट काढायला मला शिकवावं लागत नाही. बायको म्हणायची, तुमी भातातपण आधी खडा शोधता नि मग जेवता.

पण या वेळची जीप आमच्या बहिणीच्या सासऱ्यांची होती, शेणव्याची. मिलिटरीच्या लिलावातून फिरत फिरत त्यांच्याकडे आलेली, चारही चाकांनी ओढणारी. अंगणात उभी होती, अंगावर हिरवा रंग नवाकोरा. तो बघूनच मला कसंतरी झालं. विकायच्या तोंडावर कोणी गाडी रंगवली की मला चैन पडत नाही.

"बघा पावनं, नीट बघा," सासरे म्हणाले. "आपलीच मानसं, लपवायचं काय त्यात?"

इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. धूर नाही, आवाज गोल. चार चाकांचा दांडा टाकला, तोही खटकन बसला. धाकटा स्टेअरिंग धरून असा बसला होता की जणू नवरदेव घोड्यावर. मी खिशातलं चुंबक मडगार्डवर फिरवलं, तर दोन ठिकाणी चिकटेना. पत्रा गेलेला, वर नुसती पुट्टी. म्हटलं असू दे, पत्र्यापायी कोणी मरत नाही.

मग गोणपाट टाकून खाली शिरलो. पुढच्या चाकामागे चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, हातभर काळा रंग, तेवढाच ताजा. पान्याने खरवडला. आत जुनं वेल्डिंग, आणि त्याच्या कडेने केसाएवढी चीर पुन्हा सुटलेली. दहा माणसं भरून ही गाडी एखाद्या खड्ड्यात आपटली की पुढचं धूड खाली बसणार, हे मला तिथेच कळलं.

बाहेर यायला मन घेईना. गाडीखालून बहिणीचे पाय दिसत होते, ती चहा घेऊन आली होती. लग्नात मानाच्या टोपीवरून आमच्याकडून जरा कमीजास्त झालं होतं, ते तिने तीन वर्षं ऐकलं. आता चारचौघांत सासऱ्यांच्या गाडीची खोट काढली तर तिची धडगत नव्हती. चहा निवतोय, सासरे वाकून विचारतायत, "काय वो, झोप लागली का?"

मी बाहेर आलो, हात पुसले आणि म्हणालो, "गाडी झकास आहे. पण पेट्रोल पितेय. याला डिझेलचीच पाहिजे."

धाकटा एसटी स्टँडपर्यंत फणफणत होता. तिथे त्याला चीर सांगितली, तेव्हा त्याने जीपचं नाव सोडलं. मी मात्र खुशीत. भाऊ वाचला, बहिणीलाही बोल नाही. काय अक्कल चालवली, असं आठवडाभर स्वतःलाच सांगत होतो.

दिवाळीत भाऊबीजेला बहीण आली ती त्याच जीपमधून. नवरा चालवत होता, मागे ती आणि दोन्ही पोरं. जीप दारात थांबली आणि माझी नजर सरळ पुढच्या चाकामागे गेली. मूर्खासारखं मी धरून चाललो होतो की ती गाडी कोणीतरी परका घेऊन जाईल. परका तरी काय लोखंडाचा असतो? पण तेवढाही विचार मी केला नव्हता.

तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन मी चीर दाखवली. तो चिडेल म्हणून घाबरलो होतो. त्याने हात लावून बघितलं आणि म्हणाला, "आमाला खरंच ठाव नव्हतं, दादा. तवाच सांगायचं ना. बाबांना मी बोललो असतो."

बहीण मागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. पोरांना आधी गाडीतून उतरवून घरात पाठवलं.

"दर बाजाराला यातूनच जाते रे मी, पोरांना घेऊन," ती म्हणाली. मग विचारलं, "धाकट्याला कधी सांगितलंस?"

"त्याच दिवशी," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि ओवाळायचं ताट करायला आत गेली. ओवाळलं तिने. माझ्याकडे बघितलं नाही.