सहल, स्केल एकास पाचशे

ड्रॉइंग ऑफिसातले किस्से कोणी जपून ठेवत नाही, तरी ते साठतात. रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या कशा कपाटावर पडून राहतात, तसेच. एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात! परवा जुनी मंडळी चहाला जमली आणि कोणीतरी नुसतं "कांबळेचं पार्क" म्हणालं. झालं! दोन तास कोणी उठायला तयार नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. वाशीत तेव्हा इमारती कमी आणि इमारतींचे प्लॅनच जास्त. तिथे एका आर्किटेक्ट साहेबांकडे मी आणि कांबळे ड्राफ्ट्समन होतो, आणि एस्टिमेटला कुलकर्णी. साहेब हुशार, पण राग नाकावर.

* * *

आधी साहेबांचा किस्सा सांगतो, म्हणजे माणूस कळेल. एकदा मी घाईघाईत एका फ्लॅटच्या बेडरूमला दारच काढायला विसरलो. साहेबांनी हाक मारली.

"परब, या खोलीत माणूस जाणार कुठून? बोटानं दाखवा."

आता काय दाखवणार? मी घाबरत घाबरत हॉलमधून बोट सरळ आत सरकवलं. साहेबांनी फाडकन स्केलपट्टी मारली ना बोटावर!

"अहो, भिंतीतून काय जाताय? रेघ म्हणजे भिंत! या ऑफिसात भिंतीतून कोणी जायचं नाही!"

तेव्हापासून कोणाचं ड्रॉइंग बघतानासुद्धा माझं बोट आधी दार शोधतं. आजही.

* * *

आणि मग आला तो जॉब. एका शेठनी उरण रोडला खाडीकाठी मोठी जमीन घेतली होती. तिथे त्यांना थीम पार्क हवं होतं, राहायच्या खोल्यांसकट. आकाशपाळणे, तळं, होड्या, हॉटेल, सगळं! आमच्यापैकी कोणी असलं काही उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. साहेबांकडे एक फॉरेनचं माहितीपत्रक होतं, त्यात नुसती हसणारी गोरी माणसं. मापं कुठेच नाहीत.

शेवटी साहेबांनी आम्हाला जवळच्या एका गावच्या जत्रेत पाठवलं. पाळण्याचं माप घेऊन या म्हणाले. आम्ही टेप काढून लागलो मोजायला. पाळणेवाला धावत आला.

"ओ, काय चाल्लंय? मोजायचा आसंल तर बसून मोजा!"

कुलकर्णी टेपचं टोक धरून बसला. मी खाली दुसरं टोक धरून उभा. पाळणेवाल्यानं दिला ना पाळणा फिरवून! टेप गेली कुठल्या कुठे. वरून कुलकर्णीचा आवाज, "परब, लिहून घे! अठ्ठावीस फूट! परब, आई गं! एकोणतीस!"

खाली उतरला तेव्हा पांढराफटक. म्हणाला, "साहेबांना सांग, याच्या शेजारी हॉटेल नको. लांब ठेवा."

ड्रॉइंगमध्ये हॉटेल ऐंशी फूट मागे गेलं ते यामुळे.

* * *

पण पार्कात खरा जीव गुंतला कांबळेचा. त्याचं असं होतं की मुलगी सुषमा पहिलीत गेल्यापासून तो तिला सहलीचं कबूल करत आला होता. एकदा माथेरान ठरलं, तेव्हा आमचं सबमिशन आलं, म्हणजे प्लॅन मंजुरीला द्यायची घाई. पुढच्या वर्षी अलिबाग ठरलं, पुन्हा सबमिशन. बॅग भरायची आणि रिकामी करायची! पोरगी आता चौथीत होती.

कांबळेनं पार्काची एक जादा प्रिंट घरी नेली आणि भिंतीला लावली. दोन दिवस घरभर ताज्या प्रिंटचा अमोनियाचा वास. सुषमानं सगळा प्लॅन नीट बघितला आणि विचारलं, "बाबा, या वेळी तुमचं सबमिशनच पार्काचं आहे. मग सहल कशी कॅन्सल होईल?"

कांबळेनं ऑफिसात येऊन हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता. म्हणाला, "परब, पहिल्या दिवशी पहिलं तिकीट माझ्या पोरीचं. बघशील तू."

* * *

मग त्यांच्याकडे रोज संध्याकाळी त्या प्रिंटसमोर सहलीचं प्लॅनिंग. आधी तळं की आधी पाळणा? डबा कुठे उघडायचा? कांबळेच्या बायकोचं, विमलवहिनींचं म्हणणं, होडीत बसायचं पण तळं कमरेएवढंच खोल पाहिजे. कांबळेची आई, तिला सगळे आये म्हणत, गुडघे धरून बसायची. कोकणातल्या गावाहून आलेली म्हातारी, तोंडानं फटकळ. तिनं प्रिंटवर काठी टेकवली.

"ह्ये हाटेल. नि संडास कुटं हाय?"

कांबळेनं दाखवला. तिथून तीनशे फूट.

"आनि मी तितपावेतो जायाची कशी? तुजा सायब मला उचलून न्हेनार हाय काय?"

दुसऱ्या दिवशी संडास हॉटेलच्या मागे आला, मधे सावलीत दोन बाकं आली, तळं कमरेएवढं झालं. साहेबांनी ड्रॉइंग बघितलं आणि भडकले.

"कांबळे, हे कोणाला विचारून हलवलंत?"

"साहेब, साइट कंडिशन."

"कसली साइट कंडिशन?"

"आईचे गुडघे."

साहेबांनी पुन्हा ड्रॉइंगकडे बघितलं, खाली सही केली आणि पुढचा कागद घेतला.

* * *

सगळ्यांवर कडी केली कुलकर्णीनं. एस्टिमेट शेठकडे गेलं आणि नंतर हा कांबळेच्या बोर्डापाशी आला.

"काय रे, तळ्याकाठी चार मॅनहोल एकमेकांना चिकटून कशाला दिलेस?"

कांबळे आधी लाजला. मग म्हणाला, "मॅनहोल नाहीत ते. ही आये, ही विमल, हा मी आणि हा बारका ठिपका सुषमा. तिनं विचारलं होतं, या नकाशात मी केवढी दिसेन?"

कुलकर्णीनं कपाळावर हात मारला. "तरीच! मी तीन मोठी झाकणं आणि एक लहान धरलंय!"

* * *

आणि मग एका सोमवारी साहेब आत आले ते उभ्या उभ्याच म्हणाले, "पार्क कॅन्सल. न्हावा शेव्याला बंदर येतंय, शेठना आता त्याच जमिनीवर गोडाउन हवीत."

जमिनीचा सर्व्हे त्याच ट्रेसिंगवर होता, त्यामुळे नवीन कागद नाही. कांबळेनंच ब्लेड घेतलं आणि शाई खरवडायला बसला. आधी पाळणा गेला, मग हॉटेल, बाकं, संडास, मग तळं. मला फार वाईट वाटलं. त्याच्याकडे बघवत नव्हतं. दुपारी मी जाऊन बघितलं तर कागद साफ, फक्त ते चार ठिपके तसेच.

"घरी काय सांगशील?" मी विचारलं.

"खरं काय ते."

बुधवारी तो माझ्या बोर्डापाशी आला. म्हणाला, "सांगितलं रे. खूप रडली. आणि मग डोळे पुसून म्हणते, पण नकाशा तर आपल्याकडे आहे ना, बाबा?"

जाता जाता वळला.

"रविवारी येतोस? तुझी लांब टेप आण. फक्की मी आणतो."

* * *

तर तो रविवार.

शेठची ती उरण रोडची जमीन सपाट, मोकळी, थंडीचे दिवस. मी, कांबळे आणि कुलकर्णी सकाळी सातला पोचलो. खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या आणि कबड्डीचं मैदान आखतात तशी पांढरी फक्की मारायला लागलो. स्केल एकास एक, म्हणजे खऱ्या मापाचं! सगळं पार्क नाही जमलं. कंपाउंडची पुढची भिंत, गेट, तिकीटखिडकी, पाळण्याचा गोल, हॉटेल, बाकं, तळ्याचा काठ आणि संडास. माप मात्र इंचालाही चुकवलं नाही.

दहाच्या एसटीनं आये, वहिनी आणि सुषमा डबे घेऊन उतरल्या. वहिनी गेटमधून आत आल्या आणि तोंडाला पदर लावून उभ्याच राहिल्या. सुषमा तिकीटखिडकीत जाऊन बसली, ट्रेसिंग कागदाच्या तुकड्यांची तिकिटं करून. आये हॉटेलातून निघाली, काठी टेकत संडासाच्या चौकोनापर्यंत चालत गेली, परत आली आणि बाकाच्या रेघेवर ऐसपैस बसली.

"जवल हाय," म्हणाली. "बरा काडलायस."

तेवढ्यात जवळच्या गावातली पोरं जमली. त्यांच्याबरोबर एक म्हातारबाबा. त्यांनी विचारलं, "काय हाय ह्या?" कांबळेनं सांगितलं. बाबांनी पोरांना दरडावलं, "मंग लायनीन उबं ऱ्हावा ना!" आणि पोरं राहिली की हो! पाळण्याच्या गोलात चार चार जण हात धरून गरागरा फिरायला लागले. सुषमा ओरडत होती, "पुढचे चार! फक्त चार!" कांबळे नुसता हसत होता. इतकं हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

आणि रस्त्यावर साहेबांची फियाट थांबली!

गोडाउनची साइट बघायला आले होते. शेठची जमीन, विचारलेलं नाही, सवरलेलं नाही. साहेब खाली उतरले, लाल झालेले, आणि तरातरा निघाले सरळ आमच्याकडे. "कांबळे! हा काय प्रकार आहे?" आणि कंपाउंडच्या पांढऱ्या रेघेवर पाय टाकणार, एवढ्यात बाकावरून आयेनं काठी उगारली.

"ओ सायब! भिताडातनं काय येताय? गेट तकडं हाय!"

साहेबांचा पाय वरच राहिला.

त्यांनी रेघेकडे बघितलं. रेघेच्या कडेनं नजर पार गेटपर्यंत नेली. मग पाय मागे घेतला, भिंतीच्या बाहेरून चालत चालत गेटपाशी गेले आणि तिकीटखिडकीच्या रांगेत सात पोरांच्या मागे उभे राहिले.