सिस्टरपुढे केलेलं अँकरिंग

हसणार असाल तर आधी चहा संपवा. नाहीतर ठसका लागेल आणि खापर माझ्या डोक्यावर फुटेल! फजिती माझीच आहे, आणि ती मी माझ्याच तोंडानं करून घेतली आहे.

तुम्हाला ते केबलचे सुरुवातीचे दिवस आठवतात का? नव्वदीचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहायचो. गच्चीवरून वायर लोंबत लोंबत घरात आली आणि एके दुपारी टीव्हीवर मला ती दिसली. आखूड केस, कानात मोठाले डूल, आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू! चॅनल म्हणे थेट हाँगकाँगहून यायचं. तिचा बक्षिसांचा कार्यक्रम असायचा, आणि तिची गंमत म्हणजे ती प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची. आधी इंग्रजीत, लगेच हिंदीत.

"वेलकम बॅक! आपका फिर से स्वागत है!"

"व्हॉट अ लव्हली आन्सर! कितना प्यारा जवाब!"

आताच्या अँकर बायका काय, नुसत्या किंचाळतात. तिच्या बोलण्यात माया होती हो. हरलेला माणूससुद्धा तिच्यापुढून हसत घरी जायचा. मला अजून तिची आठवण येते.

मी पडले मराठी मीडियमची. इंग्रजीच्या नावानं शंख! पण ही बया लगेच हिंदीत सांगायची, त्यामुळे सगळं कळायचं. म्हणजे घरबसल्या फुकटची शिकवणीच की! भाजी निवडता निवडता मी तिची वाक्यं पाठ करायला लागले. पोळ्या करताना लाटणं तोंडाशी धरून बोलायचे आणि आमचा चार वर्षांचा केदार समोर मांडी घालून टाळ्या वाजवायचा.

आणि नेमकी त्याच्याच ॲडमिशनची वेळ आली.

तेव्हा इंग्रजी शाळांत मुलांपेक्षा आईबापांचाच इंटरव्ह्यू जोरात व्हायचा. एका शाळेनं आम्हाला आधीच नारळ दिला होता. तिथं आमच्या ह्यांनी प्रत्येक प्रश्नाला 'यस' असं उत्तर दिलं होतं. 'मुलाचं नाव काय' या प्रश्नालासुद्धा! आता उरली होती घराजवळची सिस्टर लोकांची कॉन्व्हेंट. तिथंही नाही म्हणाले तर पोराचं वर्ष वाया जाणार होतं. 

हे मोहने गावातल्या कारखान्यात कामाला होते. आदल्या दिवशी म्हणाले, "अगं, उद्या तूच बोल. मी दिवसभर मशीनशी बोलणारा माणूस. मला काय जमणार?"

"अहो, काळजीच सोडा," मी म्हटलं. "मला येतं सगळं."

हे मी इतक्या ठसक्यात म्हणाले, की ह्यांनी खरंच काळजी सोडली. बिचारे!

दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसून, केदारला पावडर फासून, प्रिन्सिपल सिस्टरच्या ऑफिसात हजर. सिस्टरचा चेहरा असा करारी, की हे दारातच घामाघूम झाले.

"गुड मॉर्निंग. प्लीज सिट," सिस्टर म्हणाल्या.

मी बसले, मान जराशी तिरपी केली आणि म्हटलं, "गुड मॉर्निंग अँड वेलकम! आपका बहुत बहुत स्वागत है!"

त्यांच्याच ऑफिसात त्यांचंच स्वागत! सिस्टर क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "व्हाय डू यू वॉन्ट धिस स्कूल फॉर युवर सन?"

प्रश्न मला कळला बरं का! उत्तरही मनात तयार होतं, पण मराठीत. इंग्रजीत माझ्याकडे काय होतं? फक्त तिची वाक्यं! आणि तिला कार्यक्रमात कधी कुणी ॲडमिशनबद्दल विचारलंच नव्हतं. आता आली का पंचाईत?

"व्हॉट अ लव्हली क्वेश्चन!" मी हात हवेत फिरवला. "कितना प्यारा सवाल!"

सिस्टर वाट बघत राहिल्या. पुढचं काही आठवेना. मग जे आठवलं ते बोलून टाकलं.

"लेट्स आस्क अवर नेक्स्ट कंटेस्टंट! चलिए, पूछते हैं हमारे अगले प्रतियोगी से!" आणि मी सरळ ह्यांच्याकडे हात केला.

"यस," हे म्हणाले.

 सिस्टरनी आम्हा दोघांचा नाद सोडला आणि केदारकडे वळल्या. "व्हॉट इज युवर नेम, माय चाइल्ड?"

हे मात्र आम्ही त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. झोपेत विचारलं तरी सांगायचा पठ्ठ्या. पण त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्यासारखीच मान तिरपी केली, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ब्रेक के बाद!"

वर स्वतःच टाळ्या वाजवल्या.

मेले! सगळं संपलं! सिस्टरनी चष्मा काढून ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. मला वाटलं, बाई रडताहेत! माझा जीव अर्धा झाला. असं कुणी रडायला लागलं की ती काय म्हणायची? मी उठले, टेबलावरून वाकून सिस्टरच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हटलं, "डोंट लूज हार्ट! हिम्मत मत हारिए!"

"अगो बाय, पुरे कर गो!" सिस्टरनी चेहरा वर केला. डोळ्यांत पाणी होतं, पण हसून हसून. "पोट दुखाय लागलं माझं!"

मी गार. "सिस्टर, तुम्हाला मराठी येतं?"

"येतं म्हंजे? मी उत्तनची हाय, कोळ्याची पोर! आमच्या घरात मराठीच बोलतात. तू आल्यापासून हिंदी-इंग्लिश झाडतेस, मला वाटलं तुला मराठी येत नाय!"

घ्या! खोलीत चार माणसं, चौघंही मराठी, आणि तमाशा चाललेला इंग्रजी-हिंदीत!

"आता मराठीत सांग," सिस्टर म्हणाल्या. "हीच शाळा कशाला पायजे?"

मग मात्र मी सरळ बोलले. म्हटलं, "आम्हाला जे आलं नाही ते त्याला यावं म्हणून. आम्हाला लोकांपुढं जसं गप्प बसावं लागतं तसं त्याला बसायला लागू नये."  हे मान खाली घालून ऐकत होते.

सिस्टरनी केदारला जवळ घेतलं. "नाव काय रे तुझं?" त्यानं आजोबांसकट सगळं नाव सांगितलं. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, "जूनमध्ये पाठवा याला."

काय सांगू, कितीतरी दिवसांत पोटभर श्वास घेतला नव्हता तो तिथं घेतला! ह्यांनी तर सिस्टरना वाकून नमस्कार केला. आम्ही दारापर्यंत पोचलो, तेवढ्यात मागून हाक आली.

"एक सांगायचं राहिलं. पोरांचं इंग्लिश सुधारावं म्हणून आम्ही सगळ्या आईबापांना सांगतो, घरी त्यांच्याशी इंग्लिशमध्येच बोला."

मी उत्साहानं मान डोलावली.

"पण बाय," सिस्टरनी चक्क हात जोडले, "तू बोलू नको हां!"