मंगळ नावाची साडी

"यान पडनं ते या पोरनी डिझाइनबी पडनी."

काचेच्या पलीकडे छपाईचे मास्टर मशीनवरच्या माणसाला सांगत होते. माझ्यासमोर ते हिंदीत बोलायचे आणि मला मॅडम म्हणायचे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणजे मला अहिराणी कळत नसणार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. मीही ते तसंच राहू दिलं. खरं तर आमच्या घरात दुसरी भाषा बोलतच नाहीत. पण आपल्याला कळत नाही असं लोकांना वाटलं, की बरंच काही ऐकायला मिळतं.

मास्टर म्हणाले ते खरंच होतं. त्या सकाळी आपलं यान मंगळाभोवती फिरायला लागणार होतं, किंवा लागणार नव्हतं, आणि माझं सगळं त्याच्यावर अडलेलं होतं.

सुरतेत साडीला नाव लागतं आणि ते नाव बातम्यांतून येतं. निवडणूक आली की पुढाऱ्याच्या नावाची साडी, मालिका गाजली की तिच्यातल्या सुनेच्या नावाची. बमरोलीतल्या आमच्या प्रिंटिंग युनिटच्या शेठनी बरंच आधी जाहीर केलं होतं, की या लग्नसराईला मंगळयानाची साडी काढायची. तोवर मी फक्त मॅचिंग करत होते, म्हणजे दुसऱ्या कुणी काढलेली डिझाइन वेगवेगळ्या रंगांत बसवून देत होते. ही पहिली माझी स्वतःची. गेरूच्या रंगाची जमीन, काठावर एकमेकींत अडकलेल्या लांबट कक्षा, पदरावर तांबूस गोळा आणि त्याच्या कडेनं जाणारं छोटंसं यान. यानाला मी एकाच बाजूला पंख दिला होता, कारण खऱ्या यानालाही एकाच बाजूला होता. शेठनी स्क्रीनकडे बघून तोंड वाकडं केलं.

"बेन, आ शुं? एकच पंख? लंगडं दिसतं."

मी दुसरा पंख काढून दिला.

त्यांनी अट सरळ सांगितली होती. यान पोचलं की मशीन सुरू. नाही पोचलं, तर फाइल उडवायची आणि त्याच कापडावर फुलं छापायची. पडलेल्या यानाची साडी कोण नेसणार? आणि मग मी परत मॅचिंगला.

म्हणून आम्ही सगळे सकाळीच ऑफिसमध्ये जमलो होतो. शेठनी नाश्त्याला लोचो, म्हणजे वाफवलेलं मऊ डाळीचं पीठ, मागवला होता. वर शेव, तेल, सगळं घालून ताटल्या समोर आल्या, आणि तशाच राहिल्या. टीव्हीवर शास्त्रज्ञ रांगेनं बसलेले दिसत होते. कुणी हलत नव्हतं. कित्येक महिने बंद असलेलं मोठं इंजिन आता सुरू करायचं होतं. ते सुरू झालं तर यानाचा वेग कमी होऊन मंगळ त्याला धरून ठेवणार होता, नाहीतर यान तसंच पुढे निघून जाणार होतं. इंजिन सुरू झाल्याचं कळलं. मास्टरनी टाळी वाजवायला हात वर केले, तेवढ्यात निवेदक म्हणाला, यान मंगळाच्या मागे गेलं आहे, संपर्क तुटला आहे.

"तुटला?" शेठ उठून उभे राहिले. "एटले गयुं?"

हे असंच होणार होतं. मी सगळं वाचलं होतं. यान ग्रहाच्या आड गेलं की त्याचा संदेश आपल्यापर्यंत येत नाही, बाहेर आलं की पुन्हा येतो. एवढंच सांगायचं होतं. पण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणालाच कळलं नसावं.

शेठना नुसतं बसवत नाही. त्यांनी खण उघडून खोक्यावर लावायच्या लेबलचा नमुना काढला आणि माझ्यासमोर टाकला. सोनेरी कलश, खाली 'लग्नासाठी खास', आणि मध्ये मोठ्या लाल अक्षरांत 'मंगळ'.

"पहिला सगळा माल तुमच्या खानदेशात जाणार. म्हणून मराठीत करून घेतलं. एका नावात दोन कामं, ग्रह पण आणि शुभ पण. बराबर छे ने?"

त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या मंदिरात रोज आरतीनंतर मंगळदीवो ओवाळतात. मुलीचा मंगळ त्यांच्यातही बघतात, पण शेठना त्या शब्दात आधी दिवाच दिसतो. मराठीत शुभ असतो तो मंगल, आणि ळ आला की तो पत्रिकेतला मंगळ. आमच्या घरी तर ळसुद्धा नाही, मंगय. आई हा शब्द दार ओढून घेऊन उच्चारते. माझ्यासाठी दोन स्थळं आली होती, एक धुळ्याचं, एक शिरपूरचं. दोन्ही वेळा सगळं जुळत येऊन मोडलं होतं. नंतर आई स्वयंपाकघरात मावशीशी फोनवर हळू आवाजात बोलत राहिली आणि मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसले. ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं. माहीत होऊ नये याची मी काळजी घेतली होती.

मी लेबल हातात धरून बसले. यान मंगळाच्या मागेच होतं. टीव्हीवर कुणीतरी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

नाव चुकलंय म्हणून सांगितलं, तर शेठ विचारणार का. का ते सांगितलं, तर म्हणणार, मग हा ग्रहच नको, फुलं छापा. आणि नाही सांगितलं, तर खोकी जळगावला, मालेगावला जाणार आणि तशीच परत येणार, कारण कुठली आई लेकीच्या लग्नात हे नाव घरात आणेल? पुन्हा माझ्या हातची डिझाइन कुणी मागणार नाही. दोन्हीकडून साडी जात होती. पण एकीकडून जाताना माझी गोष्टही उघडी पडत होती.

एकदम पडद्यावरचे सगळे उभे राहिले. संपर्क झाला होता. यान मंगळाभोवती फिरत होतं. शेठनी मास्टरना मिठी मारली, पेढ्यांचे पुडे फुटले, माझ्या टेबलावर कुणीतरी दोन पेढे ठेवले. माझ्या अंगावर काटा आला होता. रडूही येत होतं, पण हातात ते लेबल होतं.

"चालो, मशीन चालू करा! आणि हे लेबल छापायला पाठवा!"

मास्टरनी माझ्या हातातून लेबल घेतलं, वाचलं आणि मशीनवरच्या माणसाकडे बघून हसले. "मंगय! लगीनमा कोन नेसी हाई?"

तो म्हणाला, "सांगा ना मंग शेठले."

"माले काय करनं शे? शेठनी मरजी."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं आणि ते सांगणार नव्हते. आता सांगायला मीच उरले होते. तो माणूस काचेपलीकडे गेला आणि मशीन घरघरायला लागलं. कापडाचं पांढरं टोक आत ओढलं गेलं.

"शेठ," मी म्हणाले. कुणालाच ऐकू गेलं नाही. टीव्ही जोरात होता. मी उठले आणि टीव्हीचा आवाज कमी केला. तसं मी त्या ऑफिसात कधीच काही केलं नव्हतं. सगळे वळले.

"बोल बेन, आज तो बोल!" शेठच्या तोंडात पेढा होता.

"शेठ, आमच्यात मंगळ शुभ नसतो. तो मुलीला असतो आणि मग बघायला आलेले लोक चहा अर्धा ठेवून उठतात. मला आहे. साडी हीच छापा, पण हे नाव लावलंत, तर मी काढलेली साडी माझी आईच मला नेसू देणार नाही."