बक्षिसाची भिशी

भिशी फक्त बायकाच लावतात असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्या शहरातली विद्यार्थी संशोधन स्पर्धा बघावी. विषय भारदस्त: इन्फ्रारेड आणि रामन स्पेक्ट्रोस्कोपी. म्हणजे वस्तूवर प्रकाश टाकायचा, नंतर यंत्रात काय येतं ते मोजायचं आणि कागदावरच्या रेघेच्या चढउतारांवरून वस्तूत काय आहे ते ओळखायचं. व्यासपीठावरच्या निम्म्या पाहुण्यांना एवढंही सांगता आलं नसतं, पण फेटे मात्र सगळ्यांनी हौसेनं बांधून घेतले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी उस्मानपुऱ्यातल्या चहाच्या टपरीवर माझे गाईड म्हणाले, "घाबरू नको. यंदा आपला नंबर आहे."

"नंबर म्हणजे?"

"अगं, मागच्या वर्षी शेजारच्या कॉलेजला दिलं, त्याच्या आधी तिसऱ्याच कॉलेजला. यंदा आपण. तू फक्त नीट उभी राहा म्हणजे झालं."

घ्या! आणि मी महिनाभर आरशासमोर बोलायची तालीम करत होते. गाईडच्या अंगावर चहा ओतावा इतका संताप आला, पण माझा प्रबंध त्यांच्या सहीवाचून अडणार होता, म्हणून निमूट प्याले.

बक्षीस मला हवं होतंच, खोटं कशाला बोलू? पहिल्या नंबराला पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. पण त्याहून जास्त मला हवं होतं, की कुणीतरी जाणत्या माणसानं माझं काम नीट बघावं आणि बरोबर की चूक ते तोंडावर सांगावं.

माझं काम हिमरूच्या, म्हणजे इथल्या रेशीम-सुती विणीच्या, जुन्या शालींवर होतं. गुलमंडीतल्या एका कापडवाल्या चाचांनी त्या आनंदानं दिल्या होत्या. "लेके जाव बेटी, वैसे बी कीडेच खारे," म्हणाले. रामनचं यंत्र आमच्याकडं नाही. शहराबाहेर शेंद्र्याच्या एका कारखान्यात आहे, तिथले लोक रविवारी मेहरबानी म्हणून वापरू द्यायचे. काचेच्या पट्टीवर धागा ठेवायचा आणि त्यावर लेझर सोडायचा. नव्या धाग्याच्या रेघेत नेहमीचेच चढउतार यायचे. जुन्या धाग्याच्या रेघेला मात्र एक पसरट टेंगूळ यायचं, हटकून. रंग म्हातारा झाला की ते येतं, असा मी निष्कर्ष काढला होता. दोन वर्षांची मेहनत त्या एका टेंगळावर उभी होती. गाईडना विचारलं, की ते म्हणायचे, "छान आलंय की!" टेंगूळ नसतं तरी छानच म्हणाले असते.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक मात्र या विषयातले खरे जाणकार, असं ऐकून होते. माझ्या आधी, जिच्या कॉलेजचा यंदा नंबर नव्हता अशी एक मुलगी उभी राहिली. परीक्षकांनी तिची सालटी काढली. नमुन्याची गोळी करताना पावडर वाळवली होती का? ही पाण्याची रेघ तर नाही? हवेतला कार्बन डायऑक्साइड वजा केला का? बिचारी रडकुंडीला आली. पण प्रश्न एकूण एक रास्त होते! माझा जीव सुपाएवढा झाला. म्हटलं, बाई गं, हा माणूस खरंच बघतो.

मी उभी राहिले. पडद्यावर टेंगूळ आलं. परीक्षकांनी चष्मा सारखा केला आणि बराच वेळ पाहिलं. मग माझ्या गाईडकडं पाहिलं.

"व्हेरी गुड. बेस्ट ऑफ लक."

एवढंच. अळीमिळी गुपचिळी! दुपारी नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, हातात पितळी ढाल आली. आमचे गाईड असे फुलले होते, जणू शेंद्र्याला रविवारी उन्हातून तेच जात होते.

जेवणाच्या मांडवात मी परीक्षकांना जिलबीपाशी गाठलं. ढाल काखेत मारली आणि कागद पुढं धरला. "सर, या टेंगळाबद्दल तुमचं खरं मत सांगा."

"आता कशाला? मिळालं ना बक्षीस?"

"तरी सांगा."

त्यांनी पाकानं चिकट झालेलं बोट कागदावर टेकवलं. "हे काचेचं आहे गं. जुना धागा विरलेला असतो. प्रकाश आरपार जातो आणि खालच्या पट्टीवर पडतो. नवा धागा जाड, तो जाऊ देत नाही. नुसती काच कधी तपासली होतीस?"

नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. दोन वर्षं मी शालींच्या नावाखाली काचेचा अभ्यास करत होते, आणि आता तोच घेऊन पुण्याला जाणार होते. लाज वाटली, त्याहून जास्त राग आला.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"पडद्यावर आलं तेव्हाच."

"मग तिथंच विचारलं का नाही?"

भोळ्या माणसाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि दुसरी जिलबी उचलली.

"विचारलं असतं तर तुला बक्षीस कसं देता आलं असतं?"